मान उचलता येते का?
फवारणीची विषबाधा, ‘पाम’चे इंजेक्शन आणि स्नायूंची परत येणारी ताकद



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आश्विन पौर्णिमेपर्यंत ते चालते. याच तीन महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात कपाशीवर फवारणी चालते. पाठीवर पंप घेऊन त्या पिकात शिरणाऱ्यांत आपली माणसे पुष्कळ असतात. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ते दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारतात. शहरातल्या वस्तीत राहणाऱ्यांनाही हा विषय परका नाही. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा या दिवसांत गावाकडे फवारणीला जातो. आणि शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत ढेकणांसाठी सुटे औषध बाटलीत आणून, दार लावून, शिंपडले जातेच.

२०१७ सालच्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. सरकारने चौकशी पथक नेमले, काही कीटकनाशकांवर पश्चिम विदर्भात तात्पुरती बंदी घातली. तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा, हे तेव्हापासून खूप सांगितले गेले. ते सांगायलाच हवे. पण रुग्णालयाच्या दाराच्या आत काय चालते, हे मात्र आपल्या लोकांना कुणी समजावून सांगत नाही. कोणते इंजेक्शन कशासाठी, माणूस अचानक बडबडायला का लागला, दुसऱ्या दिवशी उठून बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी श्वासासाठी का तडफडला, याचे उत्तर नातेवाइकांना मिळत नाही. मग चुकीच्या वेळी चुकीचा निर्णय होतो. या अंकात आम्ही तेवढेच समजावून घेणार आहोत.

एकाच घराण्यातली विषे

कीटकनाशकांचा एक मोठा गट आहे, त्याचे नाव ऑर्गॅनोफॉस्फेट. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, फोरेट, डायमेथोएट ही त्याच घराण्यातली नावे. डब्यावरच्या रासायनिक नावाच्या शेवटी ‘फॉस’ दिसले की बहुधा हाच गट समजावा, पण फोरेट-डायमेथोएटसारखी ‘फॉस’ नसलेली नावेही त्यात आहेत.

या घराण्याची दुसरी शाखा युद्धात वापरली गेली. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्रेडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारण्याचे औषध शोधत होता. त्याला सापडलेला एक पदार्थ इतका जहाल निघाला की तो लष्कराकडे गेला. तो टाबून. १९३८ साली त्याच शोधातून सारीन आले. मज्जातंतूंवर मारा करणारी ही विषे पुढे माणसांवर सोडली गेली. १९८८ साली इराकच्या हलब्जा गावात रासायनिक हल्ल्यात हजारो कुर्द माणसे मेली. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी सारीन सोडले. डझनभराहून अधिक माणसे मेली, हजारो रुग्णालयात गेली.

तो पंथ बुद्धाचेही नाव घेत असे. गुरू सांगेल ते डोळे मिटून खरे मानणारे, शिकलेसवरलेले शिष्य त्यात होते. आपल्याला बाबासाहेबांनी दिलेला धम्म पारखून घ्यायला सांगतो, आणि तो का सांगतो हे अशा वेळी कळते.

टोकियोच्या त्या दिवसातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली : रुग्णांच्या कपड्यांत विष राहिले होते, आणि ते न उतरवताच रुग्ण आत घेतल्यामुळे तपासणाऱ्या काही डॉक्टर-परिचारिकांनाही त्रास झाला. दुसरी : जपानी डॉक्टरांनी त्या दिवशी जी औषधे दिली, ती शेतातल्या विषबाधेचीच होती. ॲट्रोपीन आणि पाम. आपल्या ग्रामीण भागातला डॉक्टर फवारणीच्या मजुराला जे टोचतो, तेच.

चावी अडकलेला नळ

हे विष शरीरात काय करते ते समजायला आपल्या वस्तीतला सार्वजनिक नळ आठवा.

हात उचलायचा असेल तर मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथून पुढे स्नायूपर्यंत तो एका रसायनाने पोहोचतो. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. हे रसायन म्हणजे नळाचे पाणी धरू. निरोप आला की नळ उघडतो, पाणी येते, स्नायू आखडतो. काम झाले की नळ लगेच बंद व्हायला हवा. तो बंद करणारी चावी म्हणजे कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम. ही चावी ॲसिटिलकोलीनचे तुकडे करते आणि निरोप संपवते. निरोगी माणसात हे सेकंदाच्या अगदी लहान अंशात होते, म्हणून आपण लिहू शकतो, चालू शकतो, श्वास घेऊ शकतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट विष या चावीला जाऊन चिकटते. चावी अडकली. नळ उघडाच राहिला. पाणी वाहतच राहिले.

हे पाणी शरीराच्या दोन भागांत साचते. पहिला भाग ग्रंथींचा आणि आतल्या अवयवांचा : तोंडाला लाळ सुटते, नाका-डोळ्यांतून पाणी येते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, कपड्यात लघवी होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, समोरचे अंधूक दिसते, छातीत पाणी भरल्यासारखा घरघराट होतो, नाडी मंदावू शकते. दुसरा भाग हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंचा : पापण्या, गाल, पोटऱ्या आतल्या आत फडफडतात. निरोपांचा मारा थांबत नाही, तेव्हा स्नायू शेवटी दमून लुळे पडतात. श्वासाचे स्नायू लुळे पडले की माणूस जातो. शिवाय मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात, शुद्ध जाते.

दोन औषधे, दोन वेगळी कामे

ॲट्रोपीन हे जुने औषध. ते धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींत सापडते. नळ ते बंद करत नाही. पहिल्या खोलीत पाणी शिरू नये म्हणून उंबऱ्याला बांध घालावा, तसे ते काम करते. लाळ, घाम, छातीतला घरघराट कमी होतो, नाडी वाढते, श्वास मोकळा होतो. सुरुवातीच्या तासांत जीव वाचवणारे हेच औषध. छाती स्वच्छ होईपर्यंत डॉक्टर दर काही मिनिटांनी मात्रा वाढवत नेतात. एका मागून एक इंजेक्शन फोडलेली पाहून नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये. या विषबाधेत ते तसेच द्यावे लागते.

आणखी एका गोष्टीने घरचे लोक हादरतात. ॲट्रोपीनची मात्रा जास्त झाली की माणसाचे तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, अंग तापते, तो असंबद्ध बोलतो, हवेत हात मारतो, सलाइन उपटतो. अशा वेळी ‘अंगात आले’, ‘बाहेरचे झाले’ असे कुणीतरी हळूच म्हणते, आणि गंडा-अंगारा घेऊन माणूस धाडले जाते. बंधू-भगिनींनो, हा औषधाचा परिणाम आहे. परिचारिकेला बोलवा, डॉक्टर मात्रा कमी करतात आणि माणूस भानावर येतो. तो पाणी-पाणी करत असला तरी विचारल्याशिवाय पाजू नका. गिळायची ताकद नसेल तर ते पाणी फुफ्फुसात जाते.

पण ॲट्रोपीनला दुसऱ्या खोलीत प्रवेश नाही. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर त्याचा उपाय चालत नाही. लाळ थांबलेला, छाती मोकळी झालेला माणूस म्हणून लुळाच राहू शकतो. तिथे हवे ते अडकलेली चावी सोडवणारे औषध. त्या औषधांच्या गटाला ऑक्झाइम म्हणतात. आपल्याकडे मिळते ते प्रॅलिडॉक्झाइम. रुग्णालयात सगळे त्याला ‘पाम’ म्हणतात.

पामचा शोध १९५५ सालचा. विषाने अडकलेले एन्झाइम पुन्हा मोकळे करता येईल का, यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांनी पामची ताकद दाखवून दिली. त्याच सुमारास ब्रिटनमध्येही हाच शोध लागला. कोलंबिया हे नाव आपल्या घराघरात माहीत आहे. १९१३ साली तरुण भीमराव तिथे शिकायला गेले, आणि १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. पुढे जपानमधल्या डॉक्टरांनी कीटकनाशकाच्या रुग्णांना पाम देऊन त्याचे अनुभव १९५८ साली प्रसिद्ध केले.

पामचे काम सरळ आहे. ते एन्झाइमला चिकटलेल्या विषाला पकडते आणि ओढून काढते. चावी मोकळी होते, नळ बंद होतो, स्नायूला मधे उसंत मिळते, आणि त्याची ताकद परत येऊ लागते.

चावीला गंज चढतो

मग सगळे रुग्ण पामने बरे का होत नाहीत? कारण अडकलेली चावी तशीच राहिली तर तिला गंज चढतो. विष आणि एन्झाइम यांची जोडी काही काळाने अशी पक्की होते की पाम तिला उघडू शकत नाही. वैद्यकशास्त्रात याला ‘एजिंग’ म्हणतात, म्हणजे जोडी जुनी होणे.

हा गंज किती वेळात चढेल ते विषावर ठरते. युद्धात वापरायच्या सोमान नावाच्या विषात तो अवघ्या काही मिनिटांत चढतो. सारीनमध्ये काही तास लागतात. कीटकनाशकांत दोन मोठे उपगट आहेत. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांच्या उपगटात साधारण ४ तासांत निम्म्या चाव्या गंजतात. क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस यांच्या उपगटात निम्म्या चाव्या गंजायला सुमारे ३३ तास लागतात. प्रोफेनोफॉससारख्या काही विषांत गंज फारच लवकर चढतो आणि पामचा उपयोग कमी होतो.

म्हणजे फवारणी संपवून, मळमळत असताना घरी येऊन, रात्रभर ‘उन्हाचा त्रास असेल’ म्हणून पडून राहणे, सकाळी लिंबूपाणी, दुपारी गावातला भगत आणि संध्याकाळी दवाखाना, हा जो प्रवास आपल्याकडे होतो, त्यात काही विषांच्या बाबतीत पामची वेळच निघून जाते. डॉक्टर नंतर पाम देतीलही, पण चाव्या गंजलेल्या असतील.

गंजलेल्या चाव्यांवर उपाय एकच : शरीराने नवे एन्झाइम तयार करणे. शरीर ते करते, पण त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास चालू ठेवायचे काम व्हेंटिलेटर करतो. व्हेंटिलेटर लावला म्हणजे आता काही उरले नाही, असा समज आपल्या वस्त्यांत आहे. या विषबाधेत तो समज फार घातक आहे. इथे व्हेंटिलेटर म्हणजे स्नायूंची ताकद परत येईपर्यंत घेतलेला उसना श्वास. पुष्कळ रुग्ण त्यावरून उतरून पायांनी घरी जातात.

बारामतीत झालेला अभ्यास

पाम किती आणि कसे द्यावे, यावर जगभर वाद आहे. त्या वादातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात, बारामतीच्या एका रुग्णालयात झाला. २००६ साली तो ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. २०० रुग्णांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना सुरुवातीला २ ग्रॅम पाम दिले. त्यानंतर ४८ तास एका गटाला दर तासाला १ ग्रॅम असे सलग, तर दुसऱ्या गटाला दर ४ तासांनी १ ग्रॅम. सलग औषध मिळालेल्या गटातला १ रुग्ण दगावला, दुसऱ्या गटातले ८. पहिल्या गटाला ॲट्रोपीन कमी लागले आणि व्हेंटिलेटरवरचे दिवसही कमी.

हे वाचून कुणालाही वाटेल, मग प्रश्न सुटला. पण पारखून घ्यायचे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. श्रीलंकेत २३५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पामने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, जरी काही रुग्णांच्या रक्तातले एन्झाइम मोकळे झाले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतही पामचा फायदा दिसला नव्हता. कोणते विष पोटात गेले, किती गेले, रुग्ण किती वेळाने पोहोचला, अतिदक्षता विभाग कसा होता, यावर निकाल बदलत असावा असे जाणकार म्हणतात.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. पाम म्हणजे संजीवनी नव्हे. ‘पाम दिले नाही’ म्हणून डॉक्टरांशी भांडू नका, आणि ‘पाम दिले, आता काळजी नाही’ असे समजून निर्धास्तही होऊ नका. मोकळा श्वासमार्ग, ऑक्सिजन, पुरेसे ॲट्रोपीन, गरज पडताच व्हेंटिलेटर हा उपचाराचा पाया. पाम त्याच्या जोडीला, आणि जितके लवकर तितके बरे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा दगा

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

असे चित्र डोळ्यांसमोर आणा. सोमवारी दुपारी माणूस आणला. रात्रभर इंजेक्शने झाली. मंगळवारी सकाळी लाळ थांबली, तो ओळखतो, बोलतो, चहा मागतो. घरी लेकरे एकटी आहेत. सोबत आलेल्या दोघांची मजुरी बुडते आहे. खासगी दवाखाना असेल तर दर दिवसाचे बिल वाढते आहे. सगळे म्हणतात, बरा झाला, चला. डॉक्टर नको म्हणतात, तर ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ म्हणून अंगठा दिला जातो. आणि बुधवारी पहाटे घरी त्याची मान उचलेनाशी होते, आवाज नाकात जातो, श्वास तुटतो.

हा दैवाचा घाला नव्हे. १९८७ साली श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियाद्दे या डॉक्टरांनी याचे वर्णन करून त्याला नाव दिले : इंटरमीडिएट सिंड्रोम, म्हणजे मधल्या काळातला आजार. विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत, सुरुवातीची लक्षणे ओसरल्यावर, स्नायू पुन्हा कमजोर होतात. आधी मान, मग डोळे-चेहरा-गिळणे, दंड आणि मांड्या, आणि शेवटी श्वास. ॲट्रोपीनने ही कमजोरी जात नाही. पाम दिल्यावरही ती येऊ शकते. पण वेळेवर ओळखून श्वासाला आधार दिला तर बहुतेक रुग्ण एक ते तीन आठवड्यांत सावरतात.

म्हणून पहिले चार दिवस रुग्ण कितीही बरा दिसला तरी रुग्णालयातच राहू द्या. आणि रोज, सकाळ-संध्याकाळ, डॉक्टर-परिचारिकांच्या तपासणीबरोबर तुम्हीही पुढील गोष्टी पाहा :

• उशी काढून सपाट झोपला असता त्याला डोके वर उचलून काही क्षण धरता येते का?
• पापण्या पडतात का? एकाचे दोन दिसते का?
• आवाज बदलला, नाकातून आला, असे वाटते का?
• स्वतःची लाळ, घोटभर पाणी गिळताना ठसका लागतो का?
• एका श्वासात काल जितके आकडे मोजले, तितके आज मोजता येतात का?
• हात डोक्यावर नेता येतो का? आधार न घेता उठून बसता येते का?

यातली एकही गोष्ट कालच्यापेक्षा वाईट वाटली तर त्याच क्षणी परिचारिकेला सांगा. ‘साहेब रागावतील’ म्हणून गप्प बसू नका. मान उचलता येत नाही हे तुम्ही वेळेवर सांगितलेले एक वाक्य त्याचा जीव वाचवू शकते.

घरी गेल्यावरही लक्ष असू द्या. काही विषांनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात, चालताना पाऊल फरफटते. ही मज्जातंतूंची उशिरा होणारी इजा. तेव्हा पुन्हा दाखवायला जा. आणि बरा झालेला माणूस लगेच पंप उचलायला जाऊ देऊ नका. शरीरातले एन्झाइम भरून यायला वेळ लागतो, तोवर थोडेसे विषही त्याला जास्त बाधते.

पहिल्या तासात आपण काय करायचे

• माणसाला विषाच्या जागेपासून मोकळ्या हवेत न्या. त्याला पायी चालवू नका.
• कपडे लगेच उतरवा, बंद पिशवीत भरून बाजूला ठेवा. चामड्याची चप्पल, पट्टा विष शोषून घेतात, ते पुन्हा वापरू नका.
• साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, कानामागे, नखे, काखा धुवा. धुणाऱ्याने हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात.
• बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा.
• ओकारी काढू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, ताक, लिंबू काहीही पाजू नका.
• १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने, पण आडवा झोपवून न्या.
• औषधाचा डबा किंवा बाटली, नाहीतर त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. सगळ्या कीटकनाशकांवर ॲट्रोपीन-पाम चालत नाही. कोणते विष हे कळले की डॉक्टरांचा वेळ वाचतो. लेबलसोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे आणि उतारा छापलेला असतो.
• जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचलात आणि त्यांनी मोठ्या रुग्णालयात पाठवायचे ठरवले, तर ‘ॲट्रोपीन सुरू करून पाठवा’ अशी नम्र विनंती करा. पुढच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारा.

घरातल्या सवयीही बदलायला हव्यात. शेतातले औषध मुलींच्या केसांत उवांसाठी कधीही लावू नका. रिकामा डबा धुऊन पाण्याला, धान्याला वापरू नका. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले आणि २३ लेकरे गेली. सुटे, लेबल नसलेले ढेकणाचे औषध विकत घेऊ नका, कारण डॉक्टरांना दाखवायला त्यावर नाव नसते.

पोलीस, पैसा आणि हक्क

विषबाधेची नोंद पोलिसांकडे होते, म्हणून काही घरे रुग्णालय टाळतात. ही नोंद ही रीत आहे, ती शिक्षा नव्हे. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. कुणी मनाच्या त्रासात स्वतःहून औषध घेतले असेल तरी लपवू नका, डॉक्टरांना खरे सांगा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानतो. आणि आपण आजच कुणाच्या मनात असे काही येते आहे असे ओळखले, तर त्याच्याजवळ बसा, औषधाचा डबा घरातून हलवा आणि १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावून द्या. तो विनामूल्य आहे.

खर्चासाठी रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र असेल तर पहिल्याच दिवशी त्याला भेटा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. मजूर कुणाच्या शेतात, कोणत्या तारखेला, कोणते औषध फवारत होता हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. शेतकरी अपघात योजनेचा लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या घरापर्यंत जातो. भूमिहीन मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याच्याकडे पुरावा म्हणून तो केसपेपरच उरतो. फवारणीच्या कामाला संरक्षक साधने पुरवणे हे काम देणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे आपल्या मंडळांनी, संघटनांनी हंगामाआधी गावात जाऊन बोलायला हवे. ‘मजूर स्वतःच निष्काळजी होता’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. ज्याला लुंगी-बनियनवर विषात उभे केले, त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणे हा अन्याय आहे.

तथागतांनी मालुंक्यपुत्राला विषारी बाणाचा दाखला दिला होता. बाण लागलेला माणूस जर म्हणेल, आधी मला सांगा बाण कुणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, तर उत्तरे मिळण्याआधीच तो मरेल. आधी बाण काढायचा असतो. आपल्या वस्तीत विषबाधा झाली की ‘का घेतले’, ‘कुणी पाठवले’, ‘कुणाची नजर लागली’ या चर्चेत पहिला तास जातो, आणि तेवढ्यात चाव्यांना गंज चढू लागतो. आधी कपडे उतरवा, अंग धुवा, १०८ लावा. मग चार दिवस मान पाहत राहा. जबाबदार कोण याचा हिशेब त्यानंतर मागायचा, आणि तो जरूर मागायचा.

आजारी भिक्खूकडे कुणी लक्ष देत नाही हे पाहून भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आपण वर्षावासात वाचतो. या वर्षावासात प्रत्येक विहाराने ग्रंथवाचनानंतर फक्त दहा मिनिटे या लेखातल्या दोन याद्या मोठ्याने वाचाव्यात आणि फलकावर लावाव्यात. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे, तिथला फोन कोणता, हे वस्तीतल्या दोन तरुण मुला-मुलींनी जाऊन विचारून त्याच फलकावर लिहावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!